गोल्फचा रेंजफाइंडर मचाणावर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पेनसिल्व्हेनियात राहतात, तिथला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा (शिकाऱ्यांसाठीचा) कोर्स झाला आहे. ऑक्टोबरात मचाणावरून कंपाउंड धनुष्याने व्हाइटटेल हरीण, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर .३०८ रायफल आणि पुढच्या वर्षी मित्रांबरोबर कोलोरॅडोत एल्क (मोठ्या जातीचं हरीण), असा बेत आहे. घरात गोल्फचा रेंजफाइंडर (लेसरने अंतर मोजणारं यंत्र) पडून आहे, तो चालेल का? नवा घ्यायचा तर १००० यार्डांचा पुरेल की ३००० यार्डांचा घ्यावा? की सरळ दुर्बिणीतच बसवलेला घ्यावा?

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य आधीच लिहून टाकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पुढचं सगळं अमेरिकेतल्या परवान्याच्या आणि हंगामाच्या चौकटीतलं आहे.

आता प्रश्न जरा फिरवून बघू. यंत्र किती लांबचं मोजतं यापेक्षा, दिवेलागणीच्या शेवटच्या वीस मिनिटांत झुडपांमागे अर्धवट दिसणाऱ्या हरणाचं अंतर विचारलं तर ते हरणाचंच सांगेल, की मधल्या फांदीचं किंवा मागच्या टेकडाचं, हे जास्त महत्त्वाचं. १००० की ३००० हा आकडा त्याचं उत्तर देत नाही. बहुतेक लोक मात्र त्याच आकड्यावर पैसे घालतात.

गोल्फच्या यंत्राबद्दल आधी, कारण ते फुकटात हाताशी आहे. सुरुवातीला, सपाट आणि मोकळ्या जागी, दिवसाउजेडी ते चालेल. अडचणी दोन आहेत. पहिली, गोल्फचं यंत्र मुद्दाम जवळची वस्तू पकडायला बनवलेलं असतं. मागे दाट झाडी आणि पुढे झेंड्याची बारीक काठी असेल तर त्याला काठीचं अंतर हवं असतं. जंगलात ही सवय उलटते. पुढची डहाळी, गवताचा तुरा, पावसाचे थेंब हे सगळं त्याच्या लेखी झेंडाच.

दुसरी अडचण जास्त धोक्याची आहे, आणि ती फार कमी जण बोलतात. गोल्फच्या यंत्रातला स्लोप मोड चढावर अंतर वाढवून सांगतो, कारण चेंडू उंचावर पोचवायला मोठा फटका लागतो. बाण आणि गोळीचा हिशेब वेगळा आहे. चढ असो वा उतार, दोन्हीकडे सरळ रेषेच्या अंतरापेक्षा कमी अंतराचा नेम धरायचा असतो. म्हणजे चढावरच्या हरणावर गोल्फचा स्लोप चालू ठेवून नेम धरलात तर चूक दुप्पट होते: कमी करायचं तिथे यंत्र वाढवून देतं आणि बाण पाठीवरून जातो. तेव्हा हे यंत्र वापरायचंच असेल तर स्लोप बंद करा. बंद केल्याची खूण पडद्यावर दिसते का, तेही पाहून ठेवा.

खोक्यावरचा मोठा आकडा आरशासारखं परावर्तन करणाऱ्या वस्तूचा असतो. रस्त्यावरची चमकणारी पाटी वगैरे. हरणाची कातडी त्यातला थोडाच प्रकाश परत पाठवते. चांगल्या कंपन्या तीन वेगळे आकडे छापतात: चमकदार वस्तू, झाड आणि हरीण. व्होर्टेक्सच्या रेंजर १८०० वर चमकदार वस्तूसाठी १८०० यार्ड आणि हरणासाठी ९०० यार्ड लिहिलेलं आहे, म्हणजे बरोबर निम्मं. आणि हा आकडासुद्धा बरी हवा आणि स्थिर हात धरून. भर उन्हात सूर्याचाच प्रकाश सेन्सरवर येतो आणि परतलेला क्षीण किरण त्यात हरवतो, त्यामुळे दुपारी पल्ला कमी आणि ढगाळ संध्याकाळी जास्त मिळतो. ओली काळपट कातडी, तिरकं उभं असलेलं जनावर, धुकं या सगळ्यांनी तो आणखी घटतो. माझा ठोकताळा असा: ज्या कमाल अंतरावरून तुम्ही खरोखर बार काढाल त्याच्या दुप्पट आकडा ‘हरीण’ या रकान्यात हवा. तो रकानाच नसेल, तर खोक्यावरचा मोठा आकडा चौपट हवा. कोलोरॅडोत तुमची मर्यादा ४०० यार्ड असेल तर ८०० हरीण किंवा १६०० चमकदार. ३००० ची गरज नाही. १००० यार्डांचं स्वस्त यंत्र मात्र तोकडं पडेल. पेनसिल्व्हेनियातल्या मचाणासाठी तेच पुरून उरेल.

मर्यादा किती हे मात्र यंत्र ठरवत नाही, तुमचा सराव ठरवतो. आणि अंतरातली किती चूक परवडते हे हत्यारावर अवलंबून असतं. इथे जरा थांबून आकडे पाहा, कारण खरेदीचा सगळा विचार यावरच उभा आहे.

साधारण २८० फूट प्रति सेकंद वेगाचं कंपाउंड धनुष्य घ्या. हरीण २५ यार्डांवर असताना तुम्ही २० ची पिन (धनुष्यावरची २० यार्डांसाठीची नेमाची खूण) धरलीत तर बाण सुमारे ३ इंच खाली लागतो. ३५ वर असताना ३० ची धरलीत तर ४ इंच. ४५ वर असताना ४० ची, तर ५ इंचांहून जास्त. व्हाइटटेलचं काळीज-फुप्फुसाचं मर्मस्थान म्हणजे ढोबळमानाने ८ इंचांचं वर्तुळ, म्हणजे मधोमध नेम धरला तर वरखाली ४ इंचांचीच मोकळीक. याचा अर्थ ३० यार्डांपुढे ५ यार्डांची चूक जनावर जखमी करून पळवते. नुसत्या डोळ्यांनी ५ यार्डांची चूक सहज होते, त्यातही ओढा किंवा घळ मध्ये असली तर नक्कीच.

आता रायफल. .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी, सुमारे २७०० फूट प्रति सेकंद वेग, २०० यार्डांवर झीरो, म्हणजे तिथे गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी जुळवलेली. १०० यार्डांवर ती नेमाच्या २ इंच वर असते, २५० वर साडेतीन इंच खाली, ३०० वर सुमारे ८ इंच, ४०० वर सुमारे २४ इंच. म्हणजे २५० यार्डांपर्यंत सरळ फऱ्यामागे नेम धरा, रेंजफाइंडर खिशात राहिला तरी चालतं. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत याहून लांबचा बार मिळतोच कुठे? ४०० यार्डांजवळ मात्र २५ यार्डांची चूक सुमारे ५ इंचांची होते.

यातून निघतं ते असं. अंतराची सगळ्यात जास्त गरज धनुष्याला आहे, आणि ती ६० यार्डांच्या आतली आहे. तिथे जवळजवळ कोणतंही नामांकित यंत्र पुरतं. दुसरी गरज ३०० यार्डांपुढच्या रायफलची, म्हणजे तुमच्या बाबतीत फक्त कोलोरॅडोची. ‘अचूकता अर्धा यार्ड’ की ‘एक यार्ड’ या जाहिरातीतल्या फरकाने दोन्हीकडे काही बिघडत नाही. चुका होतात त्या भलतीच वस्तू मोजल्यामुळे.

भलती वस्तू का मोजली जाते? यंत्र अदृश्य किरणाचे छोटे झटके सोडतं, सहसा ९०५ नॅनोमीटरचे, आणि ते परत यायला लागलेला वेळ मोजतं. एका यार्डाच्या जाण्यायेण्याला सुमारे ६ नॅनोसेकंद. पण किरण सुईसारखा राहत नाही, तो पसरतो. फैलाव मिलिरेडियनमध्ये देतात. १ मिलिरेडियन म्हणजे १०० यार्डांवर ३.६ इंचांचा ठिपका, ४०० यार्डांवर १४ इंचांहून थोडा मोठा. २ मिलिरेडियनचा किरण ४०० वर जवळपास २९ इंच रुंद होतो. व्हाइटटेलची छाती पाठीपासून खाली १६ ते १८ इंच. म्हणजे किरणाचा बराच भाग जनावराच्या बाहेर पडतो, गवतावर आणि मागच्या उतारावर. तिथूनही प्रतिध्वनी येतात आणि यंत्राला त्यातला एक निवडावा लागतो.

त्यात बहुतेक यंत्रांचा ठिपका गोल नसून पट्टीसारखा लांबट असतो, कारण लेसर डायोडची उगमपट्टीच तशी असते. पट्टी आडवी पडत असेल तर हरणाच्या आडव्या धडावर ती नीट बसते. उभी पडत असेल तर पुढचं गवत आणि मागची टेकडी दोन्ही पकडते. हे बहुतेक माहितीपत्रकात नसतं, पण घरी तपासता येतं. मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर २०० ते ३०० यार्डांवरचा एकटा खांब शोधा. यंत्र टेकून धरा, स्कॅन मोड (सतत मोजत राहणारा) चालू ठेवा आणि भिंगात दिसणारी नेमाची खूण डावीकडून उजवीकडे अगदी हळू सरकवा. आकडा नेमका कुठे उमटतो आणि कुठे जातो ते पाहा. मग एखाद्या छपराच्या कडेवर खालून वर तेच करा. दोन गोष्टी कळतात: ठिपका किती मोठा आहे, आणि तो दिसणाऱ्या खुणेच्या मधोमध आहे की कलला आहे. थोडा कललेला असेल तर तेवढं लक्षात ठेवून वापरता येतं. खुणेच्या बाहेरच असेल तर यंत्र परत करा. ही तपासणी परतीची मुदत संपण्याआधी करायची, हंगामाच्या आदल्या रात्री नव्हे.

मोडबद्दल दोन शब्द. शिकारीच्या यंत्रात पहिली वस्तू, शेवटची वस्तू आणि कधीकधी सर्वांत जोरकस प्रतिध्वनी असे पर्याय असतात. झाडीत ‘शेवटची’ ठेवा, ती डहाळ्यांना ओलांडते. पण हरणामागे लगेच उतार असेल तर ती उतार सांगेल. म्हणून एका आकड्यावर विश्वास नको. तीनदा दाबा, दोन जुळले तर घ्या. हरणाजवळचं, तेवढ्याच अंतरावरचं जाड खोड किंवा खडक मोजून पडताळा. धुक्यात किंवा हिमवर्षावात १२-१५ यार्ड असा हास्यास्पद आकडा आला तर यंत्र बिघडलेलं नाही, ते समोरचे थेंब मोजतं आहे.

पडदा हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. स्वस्त यंत्रात काळ्या अक्षरांचा एलसीडी असतो. दुपारी दुकानाबाहेर तो सुरेख दिसतो. पण बहुतेक राज्यांत हरणाची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास असते आणि हरणं नेमकी त्या कडेच्या वेळेत फिरतात. काळपट झाडीवर काळी अक्षरं, काही दिसत नाही. शिवाय काही एलसीडी भिंगातून येणारा प्रकाशही खातात आणि कडाक्याच्या थंडीत मंदावतात. लाल उजळ अक्षरांचा पडदा घ्या, आणि त्याचा उजळपणा हाताने कमी करता येतो का ते पाहा. अंधारात फार प्रखर लाल आकडा डोळा दिपवतो, मग हरीणच दिसत नाही. भिंग ६ पट आणि २४ मिलिमीटरच्या आसपासचं बरं. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं का ते दुकानातच पाहा. पोलराइज्ड गॉगल लावून एलसीडी पाहिला तर तो पूर्ण काळाही दिसू शकतो, तेव्हा ‘पडदा मेला’ म्हणून घाबरू नका.

कोनाची भरपाई हवी का? मचाणासाठी जाहिरात सांगते तेवढी नाही. मचाण २० फुटांवर, हरीण झाडाच्या बुंध्यापासून २० यार्डांवर: तिरकं अंतर २१ यार्ड भरतं. एका यार्डाने काही होत नाही. पण मचाण टेकडीच्या उतारावर असेल आणि हरीण खाली घळीत, ३० अंशांवर, तर ४० यार्डांचं तिरकं अंतर बाणासाठी ३५ यार्डांसारखं वागतं, आणि वरचे ५ इंच आठवा. डोंगरात तर हे लागतंच. ४०० यार्ड, ३० अंश, तर आडवं अंतर सुमारे ३४६. सरळ ४०० चा नेम धरलात तर गोळी सुमारे ६-७ इंच वर जाते. गुरुत्वाकर्षण गोळीला आडव्या अंतराच्या हिशेबाने खाली ओढतं, एवढंच त्याचं कारण.

या सोयीला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव आहे: लुपोल्डचं टीबीआर, बुशनेलचं एआरसी, व्होर्टेक्सचं एचसीडी, सिगचं एएमआर. काही नुसतं आडवं अंतर देतात, काही तुमच्या गोळीचा गट विचारून त्यानुसार नेमाचं अंतर देतात. ४०० यार्डांच्या आत यातलं काहीही चालतं. एक चूक मात्र टाळा: यंत्राने आधीच कमी करून दिलेलं अंतर फोनवरच्या बॅलिस्टिक (गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या) अॅपमध्ये पुन्हा कोनासकट घालू नका. भरपाई दोनदा होते आणि गोळी खाली जाते.

मचाणावर यंत्र वापरायची खरी वेळ हरीण येण्याआधीची. हात वर नेणं हेच हरणाला दिसतं. बसल्याबसल्या चहूबाजूंनी १०, २०, ३०, ४० यार्डांची झाडं मोजा, आकडे कागदी पट्टीवर लिहून धनुष्याच्या दांड्याला चिकटवा. कोनाची भरपाई नसलेल्या यंत्रातही युक्ती आहे: झाडाचा बुंधा जमिनीजवळ मोजण्याऐवजी तुमच्या डोळ्यांच्या पातळीला खोड मोजा, आपोआप आडवं अंतर मिळतं. तंबूसारख्या आडोशात बसत असाल तर जाळी बाजूला सारून मोजा, नाहीतर जाळीचंच अंतर येतं किंवा काहीच येत नाही. गाडीच्या काचेतूनही हाच घोळ.

डोंगरात उलट, आधी मोजून ठेवणं जमत नाही आणि हात थरथरतो. ३०० यार्डांपुढे उभ्याने, एका हाताने मोजणं म्हणजे लॉटरी. काठीवर, पाठपिशवीवर किंवा गुडघ्यावर कोपर टेकवा.

दुर्बिणीतला रेंजफाइंडर इथे कामाला येतो. दोन हातांनी धरल्याने तो स्थिर असतो, जनावर शोधलं त्याच भिंगातून अंतर मिळतं, एक वस्तू गळ्यात कमी. पण १०×४२ चं असं यंत्र साधारण ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं, किंमत हातातल्या यंत्राच्या कितीतरी पट, आणि मचाणावर धनुष्यासाठी ते अवजडच. वर्षाला एक एल्क-दौरा असेल आणि चांगली दुर्बीण आधीच असेल तर मी ते घ्यायला सांगणार नाही. दुर्बीणच घ्यायची बाकी असेल तर विचार करा. धनुष्यावर बसवायचे रेंजफाइंडरही मिळतात, पण काही राज्यांत धनुष्याला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना मनाई आहे. ज्या राज्याचा परवाना काढाल त्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय ते घेऊ नका.

तेव्हा तुमच्यासाठी: हातातलं साधं यंत्र, ६ पट भिंग, मंद करता येणारा लाल पडदा, कोनाची भरपाई, ‘शेवटची वस्तू’ मोड, आणि हरणासाठी ८०० ते ९०० यार्ड लिहिलेलं. मधल्या किमतीच्या गटात हे मिळतं. त्यावरचे पैसे वारा, तापमान, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरसाठी असतात, आणि ते ५०० यार्डांपुढे बार काढणाऱ्यांच्या कामाचे. या हंगामापुरता बजेट नसेल तर गोल्फचं यंत्र स्लोप बंद करून मचाणावर, आधी मोजून ठेवायच्या पद्धतीने वापरा, आणि कोलोरॅडोच्या आधी नवं घ्या.

पावसाच्या बाबतीत आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारं, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. दुसरं घ्या. गरम गाडीतून थंडीत यंत्र काढलं की भिंगावर दव धरतं आणि किरण तिथेच विखुरतो, म्हणून ते आधीच बाहेरच्या खिशात ठेवा. बॅटरी बहुधा सीआर२ लिथियम लागते. ती गावातल्या दुकानात हमखास मिळत नाही, तेव्हा एक जास्तीची अंगाजवळच्या खिशात असू द्या. हंगाम संपला की बॅटरी काढून ठेवा. आणि नवी घातल्यावर पहिलं काम एकक तपासायचं: काही यंत्रं बॅटरी बदलल्यावर मूळ मांडणीवर जातात आणि यार्डांऐवजी मीटर दाखवू लागतात. पडद्यावर ४०० दिसेल, समोर ते ४३७ यार्ड असतील.